रात्रीचा मुक्काम कुठे करायचा?



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकाच विषयावरची चार-पाच पत्रे आली आहेत. पत्रे लिहिणारी माणसे गिरणीतून, रेल्वेतून, नगरपालिकेतून निवृत्त झालेली. मुलगा नाहीतर मुलगी शिकून-सवरून जर्मनीत, हॉलंडमध्ये नोकरीला लागली. आता ती आई-वडिलांना महिनाभरासाठी बोलावते आहे, आणि आलाच आहात तर इटलीतले व्हेनिस शहर दाखवते म्हणते आहे. एका भगिनीने स्पष्टच विचारले आहे, की गावातली हॉटेले परवडत नाहीत, विमानतळाजवळ स्वस्त खोली मिळते आहे, ती घ्यावी का? आणि शहराबाहेर झोपून शहर पाहिले, तर ते पाहिल्यासारखे होते का?

यातला पहिला प्रश्न पैशाचा आहे. दुसऱ्याचे उत्तर द्यायला थोडे मागे, पाचशे वर्षे मागे जावे लागेल. आम्ही दोघे नवरा-बायको भाच्याबरोबर तिकडे चार रात्री राहून आलो. एक रात्र विमानतळाजवळ, दोन रात्री मेस्त्रे गावात आणि एक रात्र खुद्द व्हेनिसमध्ये. तेव्हा जे सांगतो ते आमच्या पायांनी मोजलेले आहे.

आधी नकाशा समजून घेऊ. व्हेनिस हे समुद्राकाठच्या उथळ खाडीत, शंभराहून अधिक लहान-लहान बेटांवर वसलेले शहर. रस्त्यांच्या जागी कालवे, आणि कालव्यांवर चारशेहून जास्त पूल. आत मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. जायचे ते पायी, नाहीतर बोटीने. हे शहर जमिनीला जोडले गेले १८४६ साली, रेल्वेचा पूल झाला तेव्हा. मोटारींचा पूल १९३३ सालचा. दोन्ही पूल शेजारी-शेजारी, जवळजवळ चार किलोमीटर लांब. पुलाच्या अलीकडे जमिनीवर मेस्त्रे नावाचे मोठे गाव आहे. आणि मेस्त्रेच्या बाजूला, खाडीच्या काठावर, तेस्सेरा नावाच्या वस्तीत मार्को पोलो विमानतळ आहे. राहायला अशी तीन ठिकाणे. पण कारभाराच्या हिशेबाने तिन्ही एकाच व्हेनिस नगरपालिकेत येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खोली ठरवण्याआधी विमानाचे तिकीट नीट वाचा. तिकिटावर व्हेनिस लिहिले म्हणून ते मार्को पोलो विमानतळाचेच असेल असे नाही. स्वस्त कंपन्यांची बरीच विमाने त्रेव्हिझो गावच्या विमानतळावर उतरतात. ते व्हेनिसपासून तीसएक किलोमीटर लांब आहे. तिकिटावरची तीन अक्षरे पाहायची. मार्को पोलोची 'व्हीसीई', त्रेव्हिझोची 'टीएसएफ'. विमान एका ठिकाणी आणि विमानतळाजवळची खोली दुसऱ्या ठिकाणी, असे झाले तर रात्री बारा वाजता पोरांना आणि पिशव्यांना घेऊन फिरत बसावे लागेल.

आता पैशाचा हिशेब. सोपे जावे म्हणून एका युरोला शंभर रुपये धरू. विमानतळावरून व्हेनिसच्या तोंडाशी पियाझ्झाले रोमा नावाचा बसतळ आहे, तिथपर्यंत बसने पंचवीसएक मिनिटे लागतात. भाडे माणशी दहा युरोच्या आसपास. जाण्या-येण्याचे तिकीट एकदम काढले तर थोडी सूट मिळते. चौघांचे कुटुंब धरले तर एका दिवसाचे सत्तर ते ऐंशी युरो, म्हणजे सात-आठ हजार रुपये नुसत्या बसला गेले. बोटीने थेट सान मार्को चौकापर्यंत जायचे तर भाडे याहून जास्त आणि वेळ सव्वा ते दीड तास. खासगी टॅक्सी-बोटीचे तर नावच काढू नका, ती शंभर युरोच्या वर जाते.

उलट मेस्त्रे स्टेशनवरून व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला लोकल गाडी दहा-बारा मिनिटांत पोचवते, आणि तिकीट दीड युरोच्या आसपास. चौघांचे जाऊन-येऊन बारा युरो. २०१५ सालापासून मेस्त्रेहून पुलावरून ट्रामही जाते. म्हणजे ज्या हॉटेलातून रोज विमानतळावर येऊनच बस पकडावी लागते, ते हॉटेल मेस्त्रेतल्या खोलीपेक्षा रात्रीला साठ-पासष्ट युरोने स्वस्त असेल तरच पैशाची बरोबरी होते. इतका फरक सहसा नसतो. स्वस्त खोली महाग कशी पडते ते असे.

विमानतळाजवळच्या हॉटेलाबद्दल आणखी दोन गोष्टी. आम्ही उतरलो त्या हॉटेलाच्या जाहिरातीत विमानतळापासून दोन मिनिटे असे लिहिले होते. ती मिनिटे मोटारीची होती. पायी जायचे तर हमरस्त्याच्या कडेने, धड पदपथ नाही, आणि शेजारून मालगाड्यांसारखे ट्रक धावताहेत. हॉटेलची स्वतःची गाडी होती, पण रात्री ठरावीक वेळेनंतर ती बंद. आसपास किराणा दुकान नाही, चहाचे हॉटेल नाही. पाण्याची बाटलीसुद्धा हॉटेलातल्या यंत्रातून, हॉटेल सांगेल त्या दराने. म्हणून खोली ठरवण्याआधी मुलाला हे प्रश्न विचारायला सांगा: तुमची गाडी किती ते किती वाजेपर्यंत आहे? तिचे वेगळे पैसे आहेत का? पायी यायला दिवाबत्तीची वाट आहे का? सकाळची न्याहारी दरात धरली आहे का? आणि नगरपालिकेचा पर्यटक कर किती? हा कर माणशी, रात्रीप्रमाणे, हॉटेलात वेगळा भरावा लागतो.

मग विमानतळाजवळची खोली कधीच घेऊ नये का? घ्यावी, पण एका रात्रीसाठी आणि कारण असेल तेव्हा. विमान रात्री अकराच्या पुढे उतरत असेल, किंवा सकाळी सहा-सातला सुटत असेल, तर ती खोली सोन्यासारखी. पहाटे तीनला उठून कालवे ओलांडत बसतळ गाठण्यापेक्षा विमानतळाच्या दारात झोपलेले बरे. सामानाचाही विचार करा. आपल्या माणसांच्या बॅगा कशा असतात ते सांगायला नको. चिवड्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, नातवासाठी गोधडी. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत, चाकांची बॅगसुद्धा प्रत्येक पुलावर हाताने उचलावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी व्हेनिसमध्ये खोली घ्यायची तर पियाझ्झाले रोमा किंवा सांता लुचिया स्टेशन यांच्या जवळच घ्यावी, आणि वाटेत किती पूल लागतात ते आधी विचारावे.

आता नगरपालिका एकच आहे हे का लक्षात ठेवायला सांगितले ते पाहा. २०२४ सालच्या २५ एप्रिलपासून व्हेनिसने दिवसभरापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेश शुल्क बसवले. वर्षातल्या ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत शहरात शिरायचे तर माणशी पाच युरो. २०२४ साली असे २९ दिवस होते, २०२५ साली ५४ केले, आणि ऐनवेळी पैसे भरणाऱ्याला दहा युरो. पण जो पाहुणा व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत रात्री मुक्कामाला आहे त्याला हे शुल्क माफ आहे, कारण तो पर्यटक कर भरतोच. मेस्त्रे आणि तेस्सेरा हद्दीतच येतात. त्रेव्हिझो किंवा पादुआ येथे उतरलात तर तुम्ही हद्दीबाहेरचे. माफी असली तरी तिची नोंद आधी संगणकावर करून कागद जवळ ठेवावा लागतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. कोणते दिवस शुल्काचे आहेत ते दरवर्षी जाहीर होते, तेव्हा निघण्यापूर्वी मुलाला पाहून ठेवायला सांगा.

हा झाला पहिला प्रश्न. आता दुसरा.

गंमत अशी, की परक्या माणसाने रात्री कुठे झोपायचे हा प्रश्न व्हेनिसने शतकानुशतके कायद्याने सोडवला होता. हे एकेकाळी व्यापाराचे मोठे राज्य होते. जर्मन व्यापारी तिथे माल घेऊन यायचे. पण त्यांनी वाटेल त्या घरी उतरायचे नाही. रियाल्तो पुलाजवळ त्यांच्यासाठी सरकारी वखार होती, फोंदाको देई तेदेस्की, म्हणजे जर्मनांची वखार. माल तिथेच ठेवायचा, जेवायचे तिथेच, झोपायचे तिथेच, आणि सरकारचा अधिकारी नोंद ठेवणार. १५०५ साली ती वखार जळाली आणि तीन वर्षांत पुन्हा बांधली. ती इमारत आजही उभी आहे. विसाव्या शतकात तिथे पोस्ट होते. २०१६ साली श्रीमंत पर्यटकांसाठी महागड्या वस्तूंचे दुकान झाले, आणि २०२५ साली तेही बंद पडले. तुर्की व्यापाऱ्यांना १६२१ साली मोठ्या कालव्यावर अशीच एक वखार दिली. रात्री तिची दारे बंद होत आणि बाहेर पहारा बसे. आज तिथे निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे.

व्यापारी निदान माल विकून घरी परत जात. ज्यांचे घरच तिथे होते त्या ज्यू लोकांचे काय? २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला, की ज्यूंनी शहरात एका ठरावीक बेटावरच राहावे. त्या जागी पूर्वी धातू ओतण्याचे कारखाने होते. ओतशाळेला तिथल्या बोलीत जो शब्द होता त्यावरून त्या वस्तीला गेट्टो म्हणू लागले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज जगभर कोंडून ठेवलेल्या वस्तीला गेट्टो म्हणतात, तो शब्द या बेटावरून निघाला.

नियम काय होता तो ऐका. दिवसा ज्यूंनी शहरात जावे, उधारी-व्यवहार करावा, जुने कपडे विकावेत. ओळख पटावी म्हणून अंगावर पिवळी खूण, पुढे रंगीत टोपी. आणि रात्र झाली की वस्तीत परत. दरवाजे बंद, बाहेर ख्रिस्ती पहारेकरी. त्या पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंकडूनच वसूल. एका बाबतीत मात्र सवलत होती. शहरात कोणी आजारी पडला तर ज्यू वैद्याला रात्रीसुद्धा बाहेर पडायची परवानगी मिळे.

दिवसा गावाचे काम करायचे आणि रात्री गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत जायचे, याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आमच्या आजोबा-पणजोबांना तो पाठ होता. देश वेगळा, धर्म वेगळा, कारणे वेगळी; दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्या चौकात उभे राहिल्यावर आम्हाला कोणा मार्गदर्शकाची गरज पडली नाही.

तो चौक आजही पाहता येतो. सांता लुचिया स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटे चालत, कान्नारेज्जो भागात. तिकीट नाही. चौकातली घरे पाहा. शहरातल्या इतर घरांपेक्षा उंच, सात-सात, आठ-आठ मजल्यांची, आणि मजले बुटके. माणसे वाढत गेली, जागा वाढवून मिळेना, म्हणून मजल्यावर मजला चढवला. १७९७ साली नेपोलियनचे सैन्य आले तेव्हा वस्तीचे दरवाजे मोडले गेले. पण १९४३-४४ साली नाझींच्या काळात याच शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना पकडून छळछावण्यांत नेले. त्यांचे स्मारक चौकातल्या भिंतीवर आहे. व्हेनिसला गेलात तर काचेचे मणी आणि होड्या पाहण्याआधी हा चौक पाहा, असे आमचे सांगणे आहे.

आणि आज? आज कोणी हुकूम काढत नाही, दरवाजे लावत नाही. तरीसुद्धा कष्टकरी माणूस रात्री पुलापलीकडे जातोच. १९५१ साली जुन्या व्हेनिस शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. रियाल्तो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत २००८ सालापासून आकड्यांची पाटी लावलेली आहे. शहरात किती रहिवासी उरले ते ती दाखवते. २०२३ साली तर नागरिकांच्या संघटनांनी मोजून सांगितले, की पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांहून जास्त झाल्या. घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा जास्त पैसे देतो. जुन्या घरांची दुरुस्ती महाग, आणि कामधंदा म्हणाल तर पर्यटनाशिवाय फारसा उरला नाही. १९१७ साली पलीकडे मार्घेरा येथे बंदर आणि कारखाने उभे करायला सुरुवात झाली, तेव्हापासून कामगारवस्तीही जमिनीवरच वाढत गेली. शिंपी, सुतार, शिक्षक, नर्स, सगळे हळूहळू मेस्त्रेला गेले.

मेस्त्रेच्या स्टेशनावर सकाळी सहाला उभे राहा म्हणजे व्हेनिस कोण चालवते ते दिसेल. खोल्या झाडणाऱ्या बाया, भांडी घासणारी पोरे, स्वयंपाकी, सगळे त्या दहा मिनिटांच्या गाडीत. त्यांत बांगलादेशी माणसे पुष्कळ. कोणी मार्घेराच्या जहाज-कारखान्यात, कोणी हॉटेलांच्या स्वयंपाकघरात. स्टेशनजवळच्या व्हिया पियावे रस्त्यावर त्यांची दुकाने आहेत. तांदूळ, मसूर डाळ, हिरव्या मिरच्या, भेंडी, सगळे मिळते. बाहेरच्या जेवणाने पोट बिघडलेल्या आमच्यासारख्यांना ते दुकान म्हणजे माहेर वाटले. तिथल्या दुकानदाराला सिनेमामुळे थोडे हिंदी येत होते. तो दुकान काढण्याआधी अकरा वर्षे व्हेनिसमध्ये भांडी घासत होता. भाच्याने त्याला सहज विचारले, रात्रीचे व्हेनिस कसे दिसते हो? तो म्हणाला, काम संपले की शेवटची गाडी पकडायची. अकरा वर्षांत एक रात्रही तिथे झोपलो नाही.

तर भगिनी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. शहराबाहेर झोपण्यात कमीपणा काही नाही. शेजारच्या टूरवाल्यांनी कालव्याकाठच्या हॉटेलाचे फोटो दाखवले म्हणून पोटाला चिमटा घेऊन तिथेच राहिले पाहिजे असे मुळीच नाही. व्हेनिसला घडवणारी, जागवणारी निम्मीअधिक माणसे पुलाच्या अलीकडेच झोपतात. मेस्त्रेत राहून तुम्ही त्यांच्या गाडीने जाल, त्यांच्या दुकानात भाजी घ्याल, तर शहराचा तो भाग पाहाल जो टूरवाल्यांना दिसत नाही.

पण जमले तर एक रात्र, फक्त एक रात्र, आत काढा. पैसे जमत असतील तर सोमवार ते गुरुवार पाहा, तेव्हा दर थोडे उतरतात. नोव्हेंबरमध्ये आणखी उतरतात, मात्र तेव्हा भरतीचे पाणी चौकात शिरते. सामान मेस्त्रे स्टेशनवर पैसे देऊन ठेवा आणि एक लहान पिशवी घेऊन जा. रात्री नऊनंतर दिवसापुरते आलेले पाहुणे निघून जातात. मग पावलांचा आवाज ऐकू येतो, पाण्याचा ऐकू येतो. पहाटे सान मार्को चौकात झाडूवाला आणि कबुतरे यांच्याखेरीज कोणी नसते. झाडूवाल्याने आम्हाला पाहून हात वर केला, आम्हीही केला. ही वेळ विमानतळाजवळ झोपणाऱ्याला कधीच मिळत नाही, कारण तो पोचतो तेव्हा गर्दी पोचलेली असते.

म्हणजे चार रात्री असतील तर आमचा सल्ला असा: विमान अवेळी असेल तरच पहिली किंवा शेवटची रात्र विमानतळाजवळ, मधल्या रात्री मेस्त्रे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्यांतली एक व्हेनिसमध्ये. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचे कागद लागतातच, तेव्हा हे सगळे आधी ठरवावे. ठरवताना रद्द केल्यास पैसे परत मिळणारी खोली घ्यावी.

आणखी एक. सकाळी खोली सोडताना चादर नीट करून ठेवा, कचरा डब्यात टाका, आणि खोली झाडायला येणाऱ्या बाईला तिच्या भाषेत 'ग्रात्सिए' म्हणा, म्हणजे आभारी आहे. आपल्यापैकी कितीजणींच्या आया दुसऱ्यांची घरे झाडत आल्या! ती बाई रात्री कुठे झोपते, हेही जमल्यास तिला विचारा.